कंपनीचं इमान

हे लिहायला उशीर झाला. कारण: भीती वाटत होती.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची हीच पद्धत होती, म्हणून सुरुवात अशी केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझं लिहिणं आजवर परीक्षेच्या पेपरापलीकडे गेलेलं नाही. माणसावर लिहायचं तर तो माणूस पुरता ओळखावा लागतो, असं आमचे मराठीचे सर म्हणतात, आणि मी तर त्यांच्या घरामागच्या खोलीत तीन वर्षं भाड्यानं राहिलेली मुलगी. तेवढ्यावर लिहिणं आगाऊपणाचं आहे हे मला कळतं. वाचणाऱ्यांनी माफ करावं. त्यांनी स्वतः केलं नसतं. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं असतं, "कावून लिवलं?" आणि खरं कारण मिळेपर्यंत बघत राहिले असते.

दिंद्रुडमध्ये त्यांना सगळे कंट्रोलर म्हणायचे. बसस्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारणं, चालक-वाहकांना फेरीवर धाडणं, कुठली गाडी कधी सुटली ते टिपणं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. भोंग्याखाली बसून बसून एक कान गेला होता. निवृत्त होऊन गावी आले तरी बोलणं माइकवरचंच राहिलं. चहा हवा असला की ओसरीवरून आवाज यायचा, "चहा ओसरीवर लागत आहे", आणि मग एक श्वास घेऊन पुन्हा तेच. काकू आतून म्हणायच्या, "लागत न्हाई, दूध फाटलंय."

आमचे माय आणि अण्णा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परतायचे. मधल्या काळात आम्ही दोघी बहिणी, ताई आणि मी, कुठं राहायचं, म्हणून अण्णांनी आमच्या गावाजवळच, दिंद्रुडला, कंट्रोलर काकांच्या घरामागची खोली घेतली. पहिल्याच दिवशी सकाळी दारावर शाळेतली पाटी अडकवलेली दिसली. तीवर खडूनं लिहिलं होतं, "आज नळाला पाणी नाही. कारण: मी मोटर चालू करायला विसरलो." मी ती पाटी दोनदा वाचली. आपली चूक दारावर लिहून लावणारा मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ताई हसली. मला मात्र भीतीच वाटली, की इथं आपल्यालाही असंच लिहावं लागणार.

तसंच झालं. त्या घरात पाटीशिवाय काही होत नसे. काकूंचीही पाटी असायची: "भाजी खारट. कारण: टीव्ही." त्याखाली काकांच्या अक्षरात, "नोंद घेतली." एकदा माजलगावहून कॉलेज करून यायला मला उशीर झाला. मी म्हणाले, काका, जरा प्रॉब्लेम झाला.

"प्रॉब्लेम म्हंजे? टायर फुटला का मैत्रिणीसंग पाणीपुरी खाल्ली?"

"पाणीपुरी."

"मंग तसं सांग की. पाणीपुरी काय गुन्हा हाय व्हय?"

एक शब्द मात्र त्या घरात चालत नव्हता. तांत्रिक. एकदा खांबावर चढलेल्या वायरमननं वरूनच सांगितलं की तांत्रिक बिघाड आहे. काकांनी खाली शिडी धरली आणि म्हणाले, आदी काय ते सांग, मंग उतर. फ्यूज उडाला होता. तो बिचारा उतरल्यावर मला म्हणाला, "तुजे घरमालक येडे हायत का गं?" मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आता विमानाचं सांगते. आमच्याकडे जुनी माणसं विमानाला इमान म्हणतात. काकाही इमानच म्हणायचे. निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग त्यांनी एका विमान कंपनीच्या शेअरमध्ये घातला होता. ज्या जिल्ह्यात विमान उतरत नाही त्या जिल्ह्यातल्या, जन्मात विमानात न बसलेल्या माणसानं हे केलं, म्हणून गाव हसायचं. त्यांचे शाळेपासूनचे मित्र आडत चालवायचे, ते रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन विचारायचे, "काय बे, तुजं इमान कुठल्या फलाटाला लागलंय?"

काका रागवत नसत. आडतवाल्यांचं म्हणणं होतं की विमान कंपन्या बुडतातच, जगात सगळीकडं बुडतात, पेपरात येतं. काका म्हणायचे, बुडतात, पण आभाळात न्हाई, जमिनीवर. उभी गाडी खाती आणि चालती गाडी कमावती, हे त्यांनी स्टँडवर बघितलं होतं. चार बनावटीच्या गाड्या एका डेपोत घातल्या की कुठल्याच गाडीचा पार्ट वेळेवर सापडत नाही, हेही त्यांनी बघितलं होतं. म्हणून कंपनी निवडताना त्यांनी तिच्याकडं किती विमानं आहेत ते पाहिलं नाही. विमानं एकाच जातीची आहेत का, उतरल्यावर किती मिनिटांत पुन्हा उडतात, आणि उशीर झाला तर काय सांगतात, एवढंच पाहिलं.

"आन् नफा?" आडतवाल्यांनी विचारलं.

"यात्रेच्या दिवशी कुठलीबी गाडी भरती," काका म्हणाले. "यात्रा सरल्यावर रिकामी गाडी कशी चालवती ते बघावं. कंपनी तवा कळती."

उशिराचं ते कसं पाहायचे, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. दर सोमवारी ते कंपनीच्या फुकट फोन नंबरवर फोन लावायचे आणि माइकवरच्या आवाजात म्हणायचे, "मी प्रवासी नाही. मी भागधारक आहे, दिंद्रुडहून बोलतोय. कालचं तुमचं नागपूरचं विमान उशिरा का सुटलं?" पलीकडची मुलं-मुली गोंधळायची. पण त्या वर्षी बहुतेक वेळा उत्तर मिळायचं. सर, धुकं होतं. सर, एक प्रवासी सामान चढवून आलाच नाही, त्याचं सामान शोधून उतरवावं लागलं. असं उत्तर मिळालं की फोन ठेवून ते काकूंना सांगायचे, जणू स्वतःच्या मुलाचा निकाल लागलाय.

कंपनीचा वार्षिक अहवाल पोस्टानं यायचा, इंग्रजीत. मी बी.कॉम.ला आहे म्हटल्यावर तो माझ्या हातात आला. माझं इंग्रजी म्हणजे डिक्शनरीच्या आधारानं चालणारं. मी नफ्याचं पान उघडलं तर त्यांनी हात आडवा घातला.

"ते ऱ्हाऊ दे. ह्यात चूक कुठं लिवलीय?"

मी म्हणाले, काका, कंपनी आपली चूक कशाला लिहील.

"मंग हे पुस्तक कावून छापलं?"

दोन दिवस शोधल्यावर सापडली. कंपनीच्या प्रमुखांनी पत्रात लिहिलं होतं की मागं आम्ही दुसऱ्या जातीची छोटी विमानं घेतली, तो निर्णय चुकला. त्यांना वैमानिक वेगळे लागले, पार्ट वेगळे लागले, दुरुस्तीवाले वेगळे लागले. आता ती परत देत आहोत. मी अडखळत मराठीत सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग स्वतः बाजारात जाऊन पेढे आणले. पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ही कंपनी म्हातारी व्हईल."

त्याच उन्हाळ्यात ताईनं त्याच कंपनीचा, विमानतळावरच्या नोकरीचा सहा महिन्यांचा कोर्स करायचं काढलं. अण्णा तयार नव्हते. मुलगी पुण्यात एकटी, कसली कंपनी, कोण माणसं. मग काका आमच्या घरी आले. माय पाणी घेऊन आली तर पाणी न पिता उभ्यानंच म्हणाले, "पोरीला पाठवा. म्या कंपनीचं इमान बघितलंय."

अण्णांनी मान डोलावली. कंट्रोलर सायबांनी स्वतः जाऊन कंपनीचं विमान बघितलंय, त्याअर्थी सगळं ठीक असणार, असं ते आठवडाभर भावकीत सांगत होते. काकांनी विमान जवळून कधीच पाहिलेलं नाही, हे त्यांना बऱ्याच दिवसांनी आडतवाल्यांकडून कळलं. पण तोवर ताईची निवड झाली होती.

ताईला घोषणा करायला काकांनीच शिकवलं. मागच्या खोलीत स्टीलचा पेला तोंडासमोर धरून ती म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे", आणि काका चांगला कान तिच्याकडं करून ओसरीवर बसायचे. घाई करू न्हाई. आदी श्वास. दोनदा म्हणायचं. आणि एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा घोटून घेतली: दिलगिरीच्या आदी कारण. "लोक माफी ऐकाया बसलेले नसत्यात. थांबावं का जावं, हे त्यांला ठरवायचं असतं. त्यांच्या हातात कारण दे."

तिचा पगार सुरू झाला. त्या दिवाळीनंतर माय-अण्णा पहिल्यांदाच तोडीला गेले नाहीत. दोघांचे कोयते अण्णांनी फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचले. मी कॉलेजातून गावी गेले की त्या फडक्याकडं बघायची. वर्गात मला कोणी विचारलं असतं की चांगल्या कंपनीचं मॅनेजमेंट काय करतं, तर मी ते फडकं सांगितलं असतं.

दुसऱ्या वर्षीचा अहवाल जाड, गुळगुळीत कागदावर आला. जुने प्रमुख जाऊन नवे साहेब आले होते. पानोपानी त्यांचे हसरे फोटो. नफा वाढलेला. मी दोन दिवस शोधलं आणि ओशाळून सांगितलं, काका, चूक सापडत नाही.

"नीट बघ."

शेवटी मागच्या बारीक अक्षरांत एक गोष्ट मिळाली. कंपनीनं स्वतःची विमानं विकली होती, तीच विमानं पुन्हा भाड्यानं घेतली होती, आणि विक्रीतून जे आलं ते त्या वर्षीच्या नफ्यात धरलं होतं. मला ते हुशारीचं वाटलं. काका म्हणाले, घर इकायचं, त्याच घरात भाड्यानं ऱ्हायचं, आन् आलेला पैसा कमाई म्हणून मिरवायचा. याला कितीक वर्षं पुरतंय?

तरी त्यांनी शेअर विकले नाहीत. कागदावरून माणूस ठरवू नये, आधी जाऊन बघू, असं त्यांचं म्हणणं. सोमवारच्या फोनवरही अलीकडं एकच उत्तर येत होतं, ते काय होतं ते त्यांनी मला सांगितलं नाही. पुणे ते नागपूर अशी दोन तिकिटं त्यांनी काढली, एक माझं. ताई कर्मचारी म्हणून सवलतीत काढून देत होती, ते घेतलं नाही. फुकटात बघितलं की डोळे मिटतात, म्हणाले. मला कशाला नेता विचारलं तर म्हणाले, "तू कॉमर्सची. साक्षीला चल."

विमानतळावर ते धुवट पांढऱ्या सदऱ्यात, काखेत पिशवी घेऊन, काचेला नाक लावून बसले. विमान वेळेवर आलं. त्यांनी घड्याळ बघितलं. इंधनाची गाडी आली, गेली. सामान चढलं. मग काहीच होईना. निघायची वेळ टळून गेली. आम्ही बसलो होतो तिथून ताई दिसत होती, गेटजवळच्या टेबलामागं, निळ्या कोटात, केस घट्ट बांधलेले. तिनं आम्हाला पाहून डोळ्यांनीच ओळख दिली होती. मला इतका अभिमान वाटत होता की शेजारच्या बाईंना सांगावं, ती माझी ताई.

मग ताईनं माइक उचलला. इंग्रजीत बोलली, हिंदीत बोलली. मराठीच्या आधी तिनं श्वास घेतला, शिकवल्यासारखा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तांत्रिक कारणामुळे आपल्या विमानास उशीर होत आहे."

एक श्वास. मग पुन्हा तेच.

मी काकांकडं बघू शकले नाही. ते उठले, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि टेबलापाशी गेले. मी मागोमाग. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. काकांनी तिला ओळख दाखवली नाही, नावानं हाक मारली नाही.

"काय झालंय, बाई?"

ताई टेबलावरच्या कागदाकडं बघत म्हणाली, "सर, तांत्रिक कारण आहे."

ते परत येऊन बसले. तीन तास त्या काचेतून बघत राहिले. तेवढ्या वेळात एकही मेकॅनिक त्या विमानाजवळ गेला नाही. ना पाना, ना शिडी. तीन तासांनी दोन वैमानिक बॅगा ओढत पळत आले आणि पंधरा मिनिटांत आमचं विमान निघालं. चालक आलेलेच नव्हते. स्टँडवरचं पोरगंही सांगेल, इतकं उघड होतं.

विमानात त्यांना खिडकीची जागा होती. आयुष्यातलं पहिलं उड्डाण. मी मान वाकडी करकरून खालचे ढग बघितले. त्यांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं बघत बसले, तोवर नागपूर आलं.

नागपूरहून आम्ही एसटीनं परतलो. आठवड्यानं मी कॉलेजातून आले तर ओसरीवर पाटी होती, "शेअर विकले. कारण:"

पुढं काहीच नव्हतं.

मी उभीच राहिले. विसरलेल्या मोटरीसाठीही कारण लिहिणारा माणूस आपल्या हयातीतल्या सगळ्यात मोठ्या निर्णयापुढं दोन टिंबं देऊन थांबला होता. खडू संपला असेल असंही मनात आलं. खडू पाटीच्या चौकटीवरच होता. मी पाटीचा फोटो काढून ताईला पाठवला. तो पाठवायला नको होता.

ताईचा लगेच फोन आला. ती ओरडली नाही. म्हणाली, "त्यांला सांग, पोट भरल्यावर खरं बोलायला काई जात न्हाई. माझ्या पगारावर माय-अण्णा घरी हायत. मला कागद दितेत, मी वाचते." त्यानंतर तिनं काकांशी बोलणं सोडलं.

मलाही राग आला होता. मी सरळ विचारलं, काका, कारण का लिहिलं नाही?

"लिवलं तर तिचं नाव लिवावं लागल."

मी म्हणाले, तिला तुम्हीच तर पाठवलं. तुम्हीच म्हणालात, कंपनीचं इमान बघितलंय.

"व्हय. म्याच पाठवलं." ते पाटीकडं बघत होते. "ती खोटी न्हाई, पोरी. तिला जे दिलं ते तिनं वाचलं. पर ज्या कंपनीत गेटावरच्या पोरीला खरं बोलायची मुभा न्हाई, तितं वर बसलेल्याला खरं ऐकूच येत न्हाई. आज त्याला चालक आले न्हाईत हे ऐकू आलं न्हाई. उद्या इमानात तेल न्हाई हे बी ऐकू येणार न्हाई. असल्या कंपनीचा म्होरल्या पाच वर्षांचा भरवसा म्या कसा धरू?"

मला ते अतिरेकी वाटलं. एका शब्दासाठी एवढं? तसं मी स्वयंपाकघरात काकूंना बोलूनही दाखवलं. काकू ज्वारीचं पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्नानंतर चार वर्षांनी त्यांना दिवस गेले होते. सातव्या महिन्यात पोटात दुखू लागलं, म्हणून त्या बीडच्या दवाखान्यात जायला स्टँडवर आल्या. गाडी आली नव्हती. बाहेर जीप उभी होती, जीपवाला बोलवत होता. तेवढ्यात भोंग्यावर काका बोलले, तांत्रिक कारणामुळे गाडीस थोडा उशीर होत आहे. गाडी का आली नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं. माहीत न्हाई म्हणायची लाज वाटली, म्हणून तो शब्द वापरला. बायको खाली बाकावर बसलीय हेही त्यांना माहीत नव्हतं.

"माज्याच नवऱ्याचा आवाज," काकू म्हणाल्या. "मी कशाला जीपनं जाईन?"

गाडी त्या दिवशी आलीच नाही.

त्यांनी पिठाचा गोळा परातीत फिरवला आणि मला तवा ठेवायला सांगितलं. मी तवा ठेवला. त्या घरात मूल का नाही, हे इतक्या दिवसांत मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि उत्तर रोज दारावर टांगलेलं होतं.

त्यानंतर वर्षभर कंपनीचा शेअर चढत राहिला. आडतवाले रोज भाव सांगायचे आणि म्हणायचे, "चुकलास बे कंट्रोलर." काका म्हणायचे, यात्रा हाय. कॉलेजात मला प्रोजेक्ट होता, तो मी विमान कंपनीतल्या दीर्घकाळच्या गुंतवणुकीवर केला. गुणोत्तरं सगळी मांडली आणि शेवटी धीर करून लिहिलं की खालच्या माणसाला खरं बोलता येतं का, हेही बघावं. सरांनी लाल शाईत लिहिलं, "हे मोजता येत नाही." गुण काठावर मिळाले. काकांना दाखवल्यावर ते म्हणाले, सर बराबर हायत, मोजता येत न्हाई. वही मिटून मला परत दिली.

ती अर्धी पाटी मात्र त्यांनी पुसू दिली नाही. घरासाठी दुसरी पाटी आणली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. खाट ओसरीवर आली. बोलणं जड झालं, चांगला कानही कमी ऐकू लागला. आम्ही काय ते पाटीवर लिहून दाखवायचो. ते वाचायचे आणि "कारण" शब्दावर बोट ठेवायचे. लिहायचं राहिलेलं असायचं.

आणि एका सकाळी कंपनी बंद पडली. भाडं थकलं म्हणून मालकांनी विमानं परत नेली, सगळी उड्डाणं थांबली, शेअर मातीमोल. टीव्हीवर दिवसभर तेच. मला धक्का बसला तो असा, की वर्षभर चढत गेलेली गोष्ट एका सकाळी नसतेच. आडतवाले धावत आले. खाटेशी बसून मित्राचा हात हातात घेऊन म्हणाले, "जिकलास बे. सगळं गाव चुकलं, तू जिकलास." काकांनी तोंड भिंतीकडं केलं. मग कष्टानं एवढंच विचारलं, "पोरगी काय बोलली?"

आम्हाला माहीत नव्हतं. ताईचा फोन बंद होता. अण्णांनी आढ्याचं फडकं खाली काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताई गावी आली, एक बॅग घेऊन. तिनं सगळं अण्णांपुढंच सांगितलं. त्या सकाळी गेटावर दीडशे माणसं बसली होती. साहेबांनी कागद दिला, तोच, तांत्रिक कारण, थोडा उशीर. विमान येणारच नाही हे कर्मचाऱ्यांना कळलं होतं. पण जो कागदाबाहेर बोलेल त्याला अनुभवाचा दाखला मिळणार नाही, आणि दाखल्याशिवाय दुसरी कंपनी घेणार नाही, असं बजावलं होतं. पहिल्या रांगेत एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन बसला होता, नागपूरला ऑपरेशनसाठी. तो ताईला विचारत होता, थांबू का गाडी करून निघू?

"मंग?" अण्णा म्हणाले.

ताई म्हणाली, मग मी कागद पालथा ठेवला.

दाखला मिळाला नाही. अण्णा कोयत्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." एवढंच. ताईला काकांकडं जायची हिंमत होईना. पण गेटावरच्या कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं होतं आणि ते फिरत फिरत माझ्या फोनवर आलं होतं. तो फोन घेऊन मी दिंद्रुडला गेले.

काकू खाटेशी होत्या. मी आवाज पूर्ण वाढवला आणि फोन त्यांच्या चांगल्या कानाला धरला. आधी गलका. मग ताईचा श्वास ऐकू आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपले विमान येणार नाही. कारण, आजपासून कंपनी बंद झाली आहे. कोणीही वाट पाहत थांबू नये. ज्यांना तातडी आहे त्यांनी लगेच दुसरी सोय करावी. आम्ही दिलगीर आहोत."

एक श्वास. मग पुन्हा तेच.

गलका झाला नाही. खुर्च्या सरकल्याचा, बॅगांच्या चाकांचा आवाज आला. माणसं उठून निघाली होती.

त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग उजव्या हातानं ती अर्धी पाटी मागितली. काकूंनी ती भिंतीवरून काढून छातीवर ठेवली. त्यांनी तळव्यानं ती पुसली, "शेअर" पुसलं, "विकले" पुसलं, "कारण" आणि पुढची दोन टिंबंही पुसली, आणि कोरी पाटी तशीच धरून राहिले.

काकूंना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. त्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "अवो, पोरगी म्हनली, इमान येणार न्हाई."

"आलं की," ते म्हणाले.